‘किक इंटू टच’ म्हणजे काम रद्द झालं की लांबणीवर पडलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात एका आयटी कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहात. लंडनच्या क्लायंटने रिपोर्टिंग मॉड्यूलबद्दल मेलमध्ये लिहिलं, ‘आय थिंक वी शुड किक धिस इंटू टच फॉर नाऊ.’ टच म्हणजे संपर्क, तेव्हा त्यांना यावर बोलायचं असणार, असं धरून तुम्ही कॉलची वेळ मागितली. त्यावर ‘नो नीड’ एवढंच उत्तर आलं. आता टीम लीड म्हणतो मॉड्यूल रद्द झालं, टेस्टिंगमधली सहकारी म्हणते पुढच्या रिलीजला गेलं, आणि शब्दकोश उघडले तर दोघंही बरोबर ठरतात. हा रग्बीतला शब्द आहे एवढं तुम्हाला कळलंय, पण रग्बी तुम्ही कधी पाहिलेली नाही.

संपर्काचा इथे काही संबंध नाही, हे सांगून टाकतो. ‘कीप इन टच’मधला टच वेगळा, हा वेगळा. ‘किक इंटू टच’ म्हणजे विषय खेळाबाहेर घालवणं. यावर आत्ता चर्चा नको, काम नको, निर्णयही नको. तुमच्या क्लायंटला बोलायचं तर नव्हतंच, उलट बोलणं टाळायचं होतं, म्हणून ते ‘नो नीड’ आलं. पण ‘रद्द की लांबणीवर’ हा जो तुमचा खरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्या तीन शब्दांत नाहीच. ते बाहेर शोधावं लागतं. कुठे शोधायचं, हे कळण्यासाठी थोडा वेळ मैदानावर जाऊ.

मी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्या टीम्सना कामकाजाचं इंग्रजी शिकवतो. त्याआधी, गुडघे शाबूत होते तोवर, मुंबईत रग्बी खेळायचो. तेही फुल-बॅकच्या जागी, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभं राहून येईल तो उंच चेंडू झेलायचा आणि अंगावर माणसं यायच्या आत तो कुठेतरी घालवायचा. हे ‘कुठेतरी’ म्हणजे बहुतेक वेळा टच.

रग्बीचं मैदान साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटरपर्यंत रुंद असतं. लांबीच्या दोन बाजूंना ज्या रेषा असतात त्या टचलाइन. त्या रेषेपलीकडचा सगळा भाग म्हणजे टच. गंमत अशी की रेषा स्वतःसुद्धा टचमध्येच धरतात. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याच्या बुटाचं टोक रेषेला लागलं तरी तो ‘इन टच’. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, चेंडू रेषेपार गेला की आपल्याला चार धावा दिसतात. रग्बीत बाजूच्या रेषेपार चेंडू गेला तर गुण कुणालाच नाहीत. खेळ थांबतो, साहाय्यक पंच चेंडू जिथून बाहेर गेला तिथे झेंडा वर करून उभा राहतो आणि तिथूनच खेळ पुन्हा सुरू होतो. या पुन्हा सुरू करण्याला लाइन-आउट म्हणतात. दोन्ही संघांचे धिप्पाड खेळाडू समोरासमोर दोन रांगा करतात, मधल्या मोकळ्या पट्टीत चेंडू सरळ फेकला जातो आणि आपल्यातल्या एकाला वर उचलून तो झेलायचा प्रयत्न दोन्ही बाजू करतात.

चेंडू फेकायचा मान एरवी समोरच्या संघाला मिळतो. म्हणजे मी चेंडू टचमध्ये मारला तर तो मी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देतोय, हे मारतानाच मला माहीत असतं. मग का मारायचा?

पावसाळ्यातल्या सामन्यात फुल-बॅकला याचं उत्तर फार लवकर कळतं. जर्सी चिखलाने जड झालेली, चेंडू साबणासारखा निसटता, तुम्ही स्वतःच्या गोलरेषेपासून दहा-पंधरा पावलांवर, आणि समोरून तीन-चार जण तुमच्याकडे नुसते पळत नाहीत, तुम्हाला आडवं करायला पळतायत. पळायला जावं तर अंतर नाही. पास द्यावा तर जवळचा साथीदारही तितकाच अडकलेला. हातातून निसटला तर थेट त्यांना ट्राय, म्हणजे गोलरेषेपार चेंडू टेकवून गुण. अशा वेळी चेंडू दोन्ही हातांनी बुटावर सोडायचा आणि जमेल तितका लांब, पण नक्की रेषेबाहेर जाईल असा हाणायचा. तो बाहेर गेला की पंचाची शिट्टी. सगळे श्वास घेतात, फॉरवर्ड मंडळी, म्हणजे रांगेत उभे राहणारे ते धिप्पाड गडी, कमरेवर हात ठेवून चालत लाइन-आउटच्या जागी जातात, आणि तेवढ्या वेळात आपला बचाव पुन्हा जागेवर येतो. चेंडू गेला, पण धोका टळला आणि दम मिळाला.

या शब्दप्रयोगाचा सगळा स्वभाव या एका कृतीत आहे. मारणाऱ्याने प्रश्न सोडवलेला नसतो. तो हरलेलाही नसतो. आत्ता, या जागी, या अवस्थेत हा चेंडू खेळणं परवडणार नाही एवढंच त्याने ठरवलेलं असतं. आणि ते चुकून होत नाही, जाणूनबुजून होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वर्गात काही जण याचा अर्थ ‘दुर्लक्ष झालं’ किंवा ‘विसरले’ असा लावतात. तसं नसतं. कुणीतरी शुद्धीवर राहून तो विषय बाहेर मारलेला असतो.

आता त्या जागेला टच हे नाव का पडलं? मूळ अगदी शब्दशः आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळाशाळांत जे वेगवेगळे फुटबॉल खेळले जायचे, त्यांत चेंडू मैदानाबाहेर गेला की मुलं त्याच्यामागे धावत सुटायची, आणि जो पहिल्यांदा त्याला हात लावेल त्याला तो परत आत टाकायचा हक्क मिळायचा. बाहेरच्या चेंडूबाबत स्पर्शाला किंमत होती, म्हणून बाहेरची जागा टच झाली. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिने पहिले नियम लिहिले, त्यातही हेच कलम आहे: चेंडू टचमध्ये असताना जो खेळाडू त्याला प्रथम स्पर्श करेल त्याने तो जिथून बाहेर गेला तिथून रेषेशी काटकोनात फेकावा. म्हणजे हा शब्द रग्बी आणि फुटबॉल या दोघांचाही आहे. दोन्ही खेळ त्याच सुमारास वेगळे होत होते आणि जाताना दोघांनी तो बरोबर नेला. फुटबॉलमध्ये बाजूच्या रेषेला आजही टचलाइनच म्हणतात.

बाहेर धावत जाऊन हात लावायची ती शर्यत पुढे बंद झाली. ज्याने बाहेर घालवला त्याच्या विरुद्ध बाजूने फेकायचं, अशी सोपी पद्धत आली. शर्यत गेली, नाव राहिलं. रग्बीतल्या ‘ट्राय’चंही असंच झालंय. आज ट्रायला पाच गुण आहेत, पण सुरुवातीला गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळत नसत, गोलावर किक मारून बघायची संधी मिळायची. ती संधी, तो प्रयत्न, म्हणजे ट्राय. या खेळाची परिभाषा नीट पाहिली तर बरेचसे शब्द असे कधीकाळी रांगडेपणाने केलेल्या कृतींचीच नावं आहेत.

मग प्रश्न येतो की बाहेर घालवायचा शब्द फुटबॉलचाही असेल तर या प्रयोगाला रग्बीचा का म्हणायचं? माझं मत असं की फुटबॉलमध्ये चेंडू बाहेर घालवणं ही घाईतली सुटका असते, तर रग्बीत ती एक स्वतंत्र कला आणि डावपेच आहे. किती, याचं टोकाचं उदाहरण १९६३ चं. एडिंबराच्या मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यात वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्स चेंडू हातात आला की टचमध्ये मारत राहिला. सामन्यात १११ लाइन-आउट झाल्या. ऐंशी मिनिटांचा खेळ, म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त वेळा चेंडू बाहेर. वेल्स ६-० ने जिंकलं आणि बघणारे वैतागले. त्या दशकाच्या शेवटाला नियम बदलला आणि वाटेल तिथून थेट बाहेर मारून जागा कमावायची सोय काढून घेतली. आता स्वतःच्या २२ मीटरच्या पट्ट्यातून मारलात तर चेंडू जिथे बाहेर गेला तिथे लाइन-आउट. त्या पट्ट्याच्या पुढून टप्पा न पडता थेट बाहेर मारलात तर तुम्ही मारलात त्या जागेच्या समोर परत या, कमाई शून्य. पेनल्टी मिळालेली असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. तुम्हाला हे बारकावे पाठ करायची गरज नाही. पण एखाद्या कृतीला आवर घालायला नियम बदलावे लागतात, तेव्हा ती खेळात किती मुरलेली असते हे लक्षात येतं. रग्बी बघत वाढलेल्या ब्रिटिश माणसाच्या तोंडात हा वाक्प्रचार सहज येतो तो त्यामुळेच.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. शब्दकोशांत दोन अर्थ का? ‘पुढे ढकलणं, टाळणं’ आणि ‘निकालात काढणं’ यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाषेच्या अभ्यासकांनी असं म्हटलंय असा माझा दावा नाही, पण मी वर्गात हे असं समजावतो: घड्याळ बघा.

सामन्याची मिनिटं शिल्लक असताना चेंडू टचमध्ये गेला तर काय होतं? लाइन-आउट. चेंडू परत येणार, फक्त थोड्या वेळाने आणि बहुधा दुसऱ्याच्या हातून. पण रग्बीत ऐंशी मिनिटं पुरी झाली म्हणून लगेच सामना संपत नाही, चेंडू खेळात असेतोवर खेळ चालू राहतो. तेव्हा आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्याकडे ठेवून घड्याळाकडे नजर लावून बसतो, आणि ऐंशी झाली की त्यांचा कुणीतरी मागे वळून तो खुशाल लाथेने प्रेक्षकांत भिरकावून देतो. पंच शेवटची शिट्टी वाजवतो. तीच किक, तीच रेषा, पण आता परत कुणी काही फेकणार नाही. पहिली किक म्हणजे ‘आत्ता नको’, दुसरी म्हणजे ‘संपलं’. दोन्हीला एकच नाव आहे.

तेव्हा मेल वाचताना शब्दाचा अर्थ शोधू नका, प्रोजेक्टचं घड्याळ शोधा. तुमचं मॉड्यूल पुढच्या टप्प्यांच्या आराखड्यात आहे का? क्लायंटचं आर्थिक वर्ष संपत आलंय का? ज्या माणसाने ते मॉड्यूल मागितलं होतं तो अजून त्या खात्यात आहे का? काम लवकरच्या टप्प्यात असेल, पैसे शिल्लक असतील, मागणारा माणूस जागेवर असेल, तर ते लाइन-आउटसारखं परत येण्याची शक्यता बरीच. बजेट संपत आलं असेल आणि मागणाराच बदलला असेल, तर ती शेवटच्या मिनिटातली किक समजा. तुम्ही प्रश्नात हे तपशील दिलेले नाहीत, त्यामुळे टीम लीड बरोबर की सहकारी बरोबर हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

वाक्यातले आजूबाजूचे शब्दही बरंच सांगतात. तुमच्या मेलमध्ये ‘फॉर नाऊ’ आहे, आणि ते तुमच्या सहकारीच्या बाजूने जातं. निदान मेल लिहितानाच्या क्षणी तरी त्या माणसाला दार पूर्ण बंद करायचं नव्हतं. ‘आय थिंक वी शुड’ हेही बघा. हा ठराव नाही, सुचवणं आहे. ब्रिटिश माणूस ‘आय थिंक’ म्हणतो तेव्हा त्याने मनात ठरवलेलं असतं हे खरं, पण कागदावर तो मागे फिरायला जागा ठेवतो. याउलट ‘फर्मली’ हा शब्द मागे लागला, म्हणजे ‘फर्मली किक्ड इंटू टच’, तर आशा सोडा. वर्तमानपत्राच्या मथळ्यात एखादी योजना ‘किक्ड इंटू टच’ झाली असं आलं, तर तिथेही बहुतेकदा ती फेटाळली गेलेली असते, कारण मथळा लिहिणाऱ्याला ‘तूर्तास’ वगैरे लिहायला जागा नसते. आणि ‘इट गॉट किक्ड इंटू टच’ असं कर्त्याशिवाय आलं, तर बोलणाऱ्याला कुणी मारलं ते सांगायचं नाहीये. तिथे अर्थापेक्षा राजकारण जास्त असतं. अशा वेळी खोदून विचारू नका, निदान सगळ्यांना कॉपी असलेल्या मेलमध्ये तरी नाही.

मराठीत सांगायचं तर ‘बासनात गुंडाळणं’ हे याला बरंच जवळ जातं, कारण बासनातली वस्तू पुन्हा निघेल की नाही हे त्यातही सांगितलेलं नसतं. ‘टोलवणं’ मात्र वापरू नका. टीमला समजावताना बरेच जण तसं करतात, लाथ आणि टोला जवळचे वाटतात म्हणून. पण टोलवाटोलवीत विषय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि कुणाच्या तरी डोक्यावर राहतो. टचमध्ये गेलेला चेंडू त्या क्षणी कुणाच्याच डोक्यावर नसतो. तुमच्या टीममध्ये कुणी ‘क्लायंटने टोलवलं’ असं सांगितलं असेल, तर आता ते काम कुणी घ्यायचं यावर उगाच वाद होईल.

थोडं शेजारपाजारचंही सांगतो, कारण याच क्लायंटकडून ते तुमच्यापर्यंत येणारच.

‘किक इंटू द लाँग ग्रास’ हाही ब्रिटिशांचाच, राजकारणात फार चालतो. समिती नेमून विषय उंच गवतात घालवायचा आणि लोक शोधायचं विसरतील याची वाट बघायची. यात थोडा लबाडीचा वास आहे, टचमध्ये तो तितका नाही. चेंडू टचमध्ये गेला हे सगळ्यांना दिसतं, झेंडा वर असतो. गवतातला चेंडू दिसू नये हाच हेतू असतो. ‘किक द कॅन डाउन द रोड’ हा अमेरिकेतला, आणि त्यात डबा आपल्याच वाटेवर राहतो, चार पावलांनी पुन्हा पायाशी येणार. अमेरिकन सहकाऱ्याने ‘लेट्स पंट ऑन धिस’ म्हटलं तर तोही याच कुळातला आहे, रग्बीपासूनच निघालेल्या अमेरिकन फुटबॉलमधला. पण लंडनवाल्याने ‘टेक अ पंट’ म्हटलं तर तो नशिबावर हवाला ठेवून एक डाव खेळून बघू म्हणतोय. आणि ‘हॉस्पिटल पास’ ऐकलात तर सावध व्हा. हा अस्सल रग्बीचा. साथीदाराला अशा वेळी पास द्यायचा की चेंडू आणि समोरचा आडदांड गडी एकाच क्षणी त्याच्यावर येऊन आदळतील. ऑफिसात याचा अर्थ बुडत चाललेलं काम हस्तांतराच्या नावाखाली दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. ‘दॅट्स अ बिट ऑफ अ हॉस्पिटल पास’ असं तुमच्याबद्दल कुणी म्हटलं तर तो तुमची बाजू घेतोय.

तुम्ही रोज सकाळी ज्या स्क्रमला, म्हणजे टीमच्या छोट्या स्टँड-अप बैठकीला, उभे राहता तोही रग्बीचाच शब्द. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोघांनी १९८६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात नवी उत्पादनं घडवणाऱ्या टीम्सची तुलना रग्बीशी केली: संपूर्ण संघ एकमेकांना चेंडू देत एकत्र पुढे सरकतो, तशी टीम. तिथून तो शब्द सॉफ्टवेअरमध्ये आला आणि जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये त्या नावाची पद्धत जाहीरपणे मांडली. मैदानावरच्या स्क्रममध्ये मात्र कुणी ताठ उभं नसतं. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदे अडकवून एकमेकांना रेटत असतात, आणि तोही मुळात थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायचाच एक मार्ग आहे. कुणाच्या हातून चेंडू पुढे निसटला की स्क्रम, बाजूला गेला की लाइन-आउट. स्टँड-अपमध्ये कुणी खांदा लावून रेटत नाही एवढं बरं आहे.

एक गोष्ट मात्र इंग्रजीने रग्बीकडून अर्धीच उचलली आहे, आणि रग्बी मनापासून बघणारा क्लायंट असेल तर ती तुम्हाला माहीत असावी. टचमध्ये मारणं हा मैदानावर नेहमीच बचाव नसतो. पेनल्टी मिळाल्यावर चेंडू टचमध्ये मारला तर लाइन-आउटला फेकायचा हक्क मारणाऱ्याच संघाकडे राहतो, म्हणून संघ मुद्दाम प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात चेंडू बाहेर मारतात आणि तिथून हल्ला चढवतात. २०१५ च्या विश्वचषकात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ असं मागे होतं. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. गोलावर मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती. कर्णधार ख्रिस रॉबशॉने कोपऱ्यातला टच निवडला, जिंकण्यासाठी. वेल्सने लाइन-आउटनंतरचा तो सगळा घोळका रेटून मैदानाबाहेर ढकलला आणि सामना घेतला. पुढे इंग्लंड साखळीतच गारद झालं आणि त्या निर्णयावर इंग्लंडमध्ये आजही वाद घालतात. २०२१ पासून तर आणखी एक नियम आला आहे. स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला चेंडू समोरच्यांच्या २२ मीटरच्या पट्ट्यात टप्पा पडून बाहेर गेला, तर फेकायचा हक्क मारणाऱ्यालाच. म्हणजे खेळात टच दिवसेंदिवस हल्ल्याचं साधन होत चाललंय, आणि ऑफिसातला वाक्प्रचार मात्र जुन्या, बचावाच्याच अर्थाला चिकटून बसलाय. मला स्वतःला ते जरा खटकतं. पण भाषा पंचांचं ऐकत नाही. तुम्ही मेलमध्ये या शब्दांचा अर्थ ‘आक्रमक डाव’ असा लावू नका. तसा कुणी वापरत नाही.

तुम्ही स्वतः हा प्रयोग वापरावा का, हेही विचारलंय. बोलताना, समोर फक्त ब्रिटिश, आयरिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर किंवा दक्षिण आफ्रिकन मंडळी असतील तर खुशाल वापरा. लेखी नको. कारण मेल पुढे पाठवली जाते, आणि तिच्या साखळीत एखादा टेक्सासचा किंवा चेन्नईचा माणूस असतोच, जो ती तुमच्यासारखीच ‘संपर्क करा’ अशी वाचेल. लेखी कामात ‘डेफर्ड’ (पुढे ढकललं) किंवा ‘ड्रॉप्ड’ (सोडून दिलं) यांपैकी जे खरं असेल ते लिहावं. यांतल्या प्रत्येकाचा अर्थ कुठेही एकच लागतो.

राहता राहिलं आता काय करायचं ते. कॉल मागू नका, ते एकदा झालंय. ‘किक इंटू टच’ म्हणजे काय असंही विचारू नका. त्यात कमीपणा काही नाही, पण उत्तर म्हणून तुम्हाला अर्थ मिळेल, निर्णय नाही. सरळ कामाची नोंद विचारा. मी असं लिहिलं असतं: ‘थँक्स. फॉर आवर प्लॅनिंग, शॅल वी मूव्ह द रिपोर्टिंग मॉड्यूल टू अ लेटर रिलीज, ऑर टेक इट आउट ऑफ स्कोप? वी विल स्टॉप वर्क ऑन इट टुडे आयदर वे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्याला जे हवं होतं, म्हणजे हा विषय आत्ता थांबवणं, ते तुम्ही आधीच देऊन टाकता. मग उरतो तो दोनातलं एक निवडायचा प्रश्न, आणि त्याला तो दोन शब्दांत उत्तर देऊ शकतो.

उत्तर ‘लेटर रिलीज’ आलं, तर झालेलं काम, अर्धवट डिझाइन, शंका, सगळं एका जागी लिहून ठेवा आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, ती नोंद कुणाच्या नावावर आहे ते टाका. लाइन-आउट झाली की चेंडू कुणाकडे येईल हे आधी ठरलेलं बरं. ‘आउट ऑफ स्कोप’, म्हणजे काम रद्द, असं आलं, तर तासांचा हिशेब आजच्या तारखेला बंद करून अकाउंट मॅनेजरला कळवा, नाहीतर महिन्याअखेरीस बिलावरून नसता घोळ होईल. आणि तीन-चार दिवस काहीच उत्तर आलं नाही, तर ‘लांबणीवर’ असं धरून तसं मिनिट्समध्ये लिहा आणि ते मिनिट्स त्याला पाठवा. चूक असेल तर तो लगेच सांगेल. चुकीच्या नोंदीला ब्रिटिश माणूस प्रश्नापेक्षा लवकर उत्तर देतो, हा मात्र माझ्या वर्गांतला नेहमीचा अनुभव.

मेल उन्हाळ्यात दुपारी दीडच्या, हिवाळ्यात अडीचच्या सुमाराला पाठवा. तेव्हा लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि माणूस नुकताच इनबॉक्स उघडून बसलेला असतो.